आमच्या हिला सायकल येत न्हाई

…आन् वर त्याला सहल म्हणायचं! तुमाला सांगतो, मला जर आधी कुणी सांगितलं असतं की व्हिसासाठी मुंबईला दोन हेलपाटे घालायचे, धाही बोटांचे ठसे द्यायचे, नऊ तास इमानात गुडघं मुडपून बसायचं, आन् एवढं करून तिथं जाऊन मारायची काय, तर सायकल… तर मी म्हणलो असतो, आवं मग सांगली ते मिरज मारतो की, वाटंत उसाचा रस तरी मिळतोय! पण आमची लेक कीर्ती, ती हाय तिकडं फ्रान्सात, ल्याँ म्हणून शहर हाय तिथं कंप्यूटरवर काम करती, तिचा फोन आला. "पप्पा, तुमी आन् मम्मी या. पाच दिवस सायकलवरनं फिरू. खेडी, जुनी गावं, द्राक्षाच्या बागा. एकदम आरामात." सायकल आन् आराम, एका दमात! मी जाग्यावर गार.

आता मला सांगा, आमच्या वडलांनी जल्मभर सायकलला दुधाचे कॅन अडकवून सांगली गाठली. सायकल सुटावी म्हणून तर मी द्राक्षबाग लावली, बागेवर मोटारसायकल घेतली, मोटारसायकलवर जीप घेतली, आन् ही पोरगी मला परत सायकलवर बसवायला निघाली? पण लेकीला न्हाई म्हणायचं कसं? मग मी डोकं चालवलं. म्हणलं, "अगं कीर्ती, मी काय, कवा बी तयार हाय. पण तुझ्या मम्मीला सायकल येत न्हाई." झालं! आता पोरगी मोटार सांगंल, आपण काच खाली करून हिंडू. आमची ही, चंदनबाला, तिथंच शेंगा फोडत बसली हुती. तिनं ऐकलं सगळं. एक शबूद बोलली न्हाई. आन् ती बोलली न्हाई म्हणजे तिला पटलं, असं मी एकतीस वर्षं धरून चाललोय.

गेलो. बोन म्हणून गाव हाय, भवतीनं दगडी तट, आत फरसबंद गल्ल्या, पाचशे पाचशे वर्षांची घरं. आन् एका घरावर पत्रा न्हाई, काळी टाकी न्हाई, कुणी पुढं दोन फूट वढलेलं न्हाई! पाचशे वर्षांत एका बी भावाभावात भांडण न्हाई का काय? ते एक असू द्या. कीर्ती आमाला सायकलच्या दुकानात घेऊन गेली, म्हणली, "पप्पा, तुमची अडचण मी मिटवली," आन् पुढं आणून हुबी केली ती… आवं, म्हशीएवढी लांब सायकल! दोन शिटा, दोन हँडल, चार पायडल. पुढं मी चालवायचं, मागं मम्मीनं नुसतं बसून पाय हलवायचे. मोटार ऱ्हायली, आन् माझ्या नशिबी डबल सायकल आली.

आन् आता ऐका. चंदनबालेनं त्या लांबड्या सायकलकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं. मग पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, पायात कीर्तीनं दिलेले पांढरे बूट, भिंतीला एक साधी बायकी सायकल टेकलेली हुती ती वढली, आन् निघाली की ओ! घंटी वाजवत! त्या फरसबंद गल्लीतनं, एका हातानं दुकानदाराला टाटा करत! कोपऱ्यावर वळली, दिसायची बंद झाली. दुकानदार माझ्याकडं बघतोय, कीर्ती माझ्याकडं बघती. मी जाग्यावर गार.

एकतीस वर्षं! हिला कारल्याची भाजी आवडत न्हाई, ठाऊक हाय. हिचा गुडघा कंचा दुखतो, ठाऊक हाय. आन् हिला सायकल येती हे मला फ्रान्सात जाऊन कळावं? बरं, ती डबल सायकल काय दुकानदार परत घेईना. कागद झाला म्हणं. मग काय, निघालो एकटाच, मागची शीट रिकामी, मागची पायडलं आपली आपण गरागरा फिरत्यात. वाटंतला जो तो माणूस "बोंझूर" म्हणतोय आन् मागं वाकून बघतोय, ह्याचं माणूस पडलं का काय कुठं.

त्या बोंझूरचं पण सांगतो. आपल्यात कसं, परका माणूस दिसला की "कुठलं पाव्हणं? कुणाकडं?" म्हणून इचारत्यात. तिथं नुसतं बोंझूर, की संपलं. कुणाचा कोण, इकडं कशाला आला, जात्याला येत्याला कशाचीच चौकशी न्हाई. बारा वाजलं की अख्खं गाव कुलूप लावून जेवायला. दोन तास! गिऱ्हाईक दारात हुबं. आमी जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणारी, तवा संध्याकाळची मला काळजी. तर तिथं जूनमध्ये दिवस मावळतोय साडेनवाला! हाटील उघडतंय साडेसातला, आन् हितं ऊन लख्ख. हयातीत पयल्यांदा मी रात्री नवाला जेवलो आन् नेम मोडला न्हाई. कांदा, लसूण, बटाटा वजा करून पुढं काय आलं, तर पाव आन् पानं. बरं तर बरं, हिनं घरनं बिनलसणाचं भडंग आणलं हुतं पाच किलो. त्याची पिशवी हिच्या सायकलच्या बास्केटात. माझा फोन बी त्यातच.

तर जेवताना मी इचारलं. म्हणलं, "चंदनबाला, तुला सायकल कवापासनं येती?" ती म्हणली, "जेवा." मी म्हणलं, "मला सांगितलं कसं न्हाईस?" ती म्हणली, "पाव गार हुतोय." बघा आता. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. एकतीस वर्षं मनात काय धरून बसली, माझ्यावर राग हाय का काय, आजून काय काय येतंय हिला, कळंना झालं. पवायला येतंय? ट्रॅक्टर येतोय?

दुसऱ्या दिशी वाट द्राक्षाच्या बागातनं. दोघी मायलेकी पुढं बोलत बोलत, मी मागं माझी म्हैस वढत. आन् बागा बघून तर मी… आवं, कमरंएवढ्या वेली! मांडव न्हाई, वर जाळी न्हाई, आन् शेंड्याचं रान माजलेलं, बगलफुटी, पानाच्या बगलंतनं निघणारे फालतू कोंब, ह्या एवढ्या! मी हात जोडून आलोय हो मनाशी, की कल्लाप्पा, बाग तुझी न्हाई, तू पाव्हणा हायस, सरळ पुढं बघ. पण एक वेल बांधालाच हुती. म्हणलं, हिची तेवढी काढू. नुसत्या नखानं. दोन मिनिटं.

आता तुमी द्राक्षवाले असाल तर तुमाला कळंल, एक वेल मोकळी झाली की शेजारची डोळ्याला खुपती. तिची काढली की पुढची. मी खाली मान घालून चाललोय, काढतोय, टाकतोय, जादा घड दिसला की खुडतोय, मनातल्या मनात गड्यांना शिव्या देतोय, आन् मान वर केली तवा अर्धी ओळ झालेली! रस्त्यावर ना बायको ना लेक. फोन न्हाई, भडंग न्हाई, गावाचं नाव म्हाईत न्हाई. आन् ओळीच्या तोंडाला मालक हुबा.

सत्तरीचा म्हातारा, ढगळी निळी पँट, हात कमरंवर. मी जाग्यावर गार. म्हणलं संपलं, आता पोलीस, आता कीर्तीची नोकरी जाती. आपल्याकडं कुणी माझ्या बागंत शिरून घडाला हात लावला असता तर मी काय केलं असतं ते हितं सांगत न्हाई. म्हातारा आला. वाकला. मी काढलेल्या फुटींचा ढीग बघितला. पुढची वेल बघितली, मागची बघितली. काय तर पुटपुटला, लय येळ. मग माझा हात धरला आन् अंगठा उलटा करून बघितला. नख हिरवंकाळं झालेलं. त्यानं आपला अंगठा काढून शेजारी धरला. तसलाच! डिट्टो! आन् खुडलेला एक घड उचलून त्यानं माझ्या नाकापुढं नाचवला, म्हणजे फुटी काढल्यास ते ठीक, पण ह्याला कशाला हात लावलास म्हणून बोट नाचवून झापला. झापला ते कळलं बघा. भाषा नसली म्हणून काय, बागायतदाराचं झापणं जगात सारखंच.

मी त्याला हातवाऱ्यानं सांगितलं, बायको, सायकल, पुढं, गेली. त्यानं डबल सायकल बघितली, रिकामी शीट बघितली, डोळ्यात पाणी आलं हो त्याच्या! त्याला वाटलं कायमची गेली. मग गडी उठून बसला की मागं! पाठीवर डावीकडं चापट मारली की डावीकडं, उजवीकडं मारली की उजवीकडं, आन् पायडल काय मारतोय म्हातारा, मला पाय टेकू दिला न्हाई गावापत्तूर.

गावाच्या चौकात, देवळाच्या सावलीत, टेबल मांडून आमची ही बसलेली. भवतीनं चार मडमा, कीर्ती शेजारी फोटो काढती. सगळ्यांच्या मुठीत भडंग. ही मराठीत सांगती, त्या फ्रेंचमध्ये हसत्यात. मला बघितलं आन् म्हणली, "आवं, हे कोण?" तास झाला हुता मी हरवून. हिला पत्ता न्हाई!

मग मात्र मला ऱ्हावलं न्हाई. म्हाताऱ्याला भडंग देऊन बसवलं आन् सगळ्यांच्या देखत इचारलं, "आता सांग. सायकल येत हुती तर लपवलीस कशापायी?"

ती हातातलं भडंग खाली ठेवून म्हणली, "मी न्हाई लपवली. समडोळीहून सांगलीला कॉलेजला मी रोज सायकलनं जायची. तुमी आमच्या घरी लग्नाच्या बैठकीला आला तवा तुमच्या काकांनी इचारलं, पोरगी सायकलीवर हिंडती म्हणं? आमचं अण्णा घाबरलं. म्हणलं, न्हाई न्हाई, हिला सायकल येत न्हाई. दुसऱ्या दिशी इकून टाकली."

मी म्हणलं, "आन् मी कुठं हुतो?"

"तिथंच. पोहे खात हुता."

लाज वाटली. खरंच वाटली. बैठकीत बसून पोहे खाल्ले ते आठवतंय मला, वर खोबरं हुतं ते सुदा आठवतंय, आन् समोर एका पोरीची सायकल गेली ते कानावर बी आलं न्हाई. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर एक चापट मारली. ना डावीकडं ना उजवीकडं, बरोबर मधी.

हितं आलो आन् आठ दिवसांत मी कुपवाडला जाऊन सायकल आणली. निळी, फुडं बास्केट, घंटी मोठी. म्हणलं, एवढं तरी करू. पयल्या दिशी ही त्यावरनं बस्तीत, आमच्या जैन देवळात, दर्शनाला गेली. आमचं काका कट्ट्यावर बसलेलं, नव्वदीला आलंय, डोळ्यावर हात धरून म्हणलं, "कुणाची रं ती सून?" मी म्हणलं, "काका, आपलीच." काका जाग्यावर गार. आता तिच्याबरोबर सात बायका जात्यात. सात घरात नवी सायकल आली आन् सात नवरं माझ्याशी बोलत न्हाईत. दर्शन झालं की सरळ घरला येतील म्हणता? छ्या! ओढ्यापत्तूर, मग कॅनालनं, मग कुणाच्या तरी माहेरी. कवा येती, तिला बी म्हाईत नसतंय.

आवं बसा की, उठता कशाला, एवढं लांबनं आला तर चहा घेऊन जावा. मीच टाकतो. आदण, पावडर, सगळं जमतंय आता. फकस्त कुणीतरी आत येऊन मला साखरंचा डबा दाखवा. एकतीस वर्षं झाली, आजून मला तो बी म्हाईत न्हाई.