गात गेला, असं मी सांगत आले

आमी निपाणीचं शिंपी. आई-बा लवकर गेलं, मागं मी आन् माझा धाकटा भाऊ दत्तू. नवरा मेल्यावर मी माघारी आलते, तवापास्नं मी काजं करायची आन् त्यो सदरं शिवायचा, आन् सुई चालवता चालवता देवाची पदं रचायचा, लिवता येत न्हवतं, मलाच पाठ कराय लावायचा.

त्या साली पिलेग आला. सारं गाव माळावर झोपड्या घालून ऱ्हायलं. ज्येला गाठ आली त्येच्याजवळ घरची बी जाईनात, काय सांगू तुमास्नी, आन् ह्यो जायाचा. तंबाखूच्या वखारीतली हौसा, तरणी बाई, मला न्हाय मरायचं म्हणून वरडत हुती, दत्तू उशाला बसला आन् म्हणाय लागला,

तूच शिवला सदरा देवा, तूच उसवावा,
दोरा तुझा, सुई तुझी, जीव का रुसावा.

म्हणत बसला, म्हणत बसला. हौसा निवांत झाली, देवाकडंच चाल्ले की म्हणाली, आन् गेली. मग ज्येच्या त्येच्या झोपडीतनं बोलावणं. मी म्हणायची नगं जाऊ रं, तर म्हणायचा, आक्का, देव हाय न्हवं, भ्याचं कशाला?

पंधरा दिसांनी त्येच्याच काखंत गाठ आली. मी त्येचंच पद म्हणाय लागले तर त्येनं माझ्या तोंडावर हात ठेवला. आक्का, गप गं, त्ये दुसऱ्यांसाठी केलतं. मला लई भ्या वाटतंय, देव कुटंच दिसंना. मग मी काय म्हणू रं? तर, काय नगं, हात सोडू नगंस. न्हाय सोडला. दोन दिस धरून बसलते. डोळं उगडं ठिवूनच गेला, भेदरलेला.

झोपडीभाईर लोक उभी. दत्तू कसा गेला, आक्का? त्यांच्यातबी दोघा-तिघास्नी ताप भरलेला. मी म्हणाले, गात गेला.

तवापास्नं गावात कोण मराय टेकलं की मला बोलवत्यात. मी पद म्हणते, माणूस इचारतं, व्हय आक्का, दत्तू गात गेला न्हवं? मी व्हय म्हणते, त्येचा जीव निवतो. चाळीस वरसं हेच. मी बी देवाला हात जोडते, पर तिकडनं काय येत न्हाय.

आता माझीच पाळी. शेजारची पोरगी पद शिकलीया, म्हणंल ती माझ्या उशाला, गळा गोड हाय तिचा. पर मला ठावं हाय न्हवं. असू दे. तुमी लिवून घेतलंसा, मी हाय तवर कुणाला वाचून दावू नगासा. देव तुमचं भलं करू दे, बाबा.