समोरचा राजा

(जळगाव, १९९१. टेलिफोन ऑपरेटर सुनंदाची भाड्याची खोली. वडील जीवराम तिला बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी धुळ्याला न्यायला पारोळ्याहून आलेत.)

सुनंदा : ...तीन आठवडे मी ऑफिसातल्या मंदाताईंवरच चिडत होते, आबा. ऑफिस सुटल्यावर बिचाऱ्या पुस्तक वाचून दाखवायच्या. ‘उंटानं प्यादं मारलं, राजाला शह.’ मी पट चाचपायची, तर तिथे राजाच नाही! वजीर. म्हटलं, नीट वाचा हो.

जीवराम : मंग?

सुनंदा : त्या बरोबर होत्या. चूक आपल्या पटावर आहे.

जीवराम : मन्हा हातना पट शे तो! भोकं मी पाडात, काळ्या सोंगट्यास्ले खिळा मी ठोकात. काय चुकनं?

सुनंदा : मांडणी. तुमचा राजा माझ्या वजिरासमोर असतो. स्पर्धेत राजासमोर राजा.

जीवराम : आमना पारवर बठ्ठा आसंच मांडतस.

सुनंदा : आणि त्या सगळ्यांना मी हरवलंय. पण पुस्तकातली सुरुवात तशी चालत नाही.

जीवराम : मन्हंच चुकनं, माय. औंदा ऱ्हाऊ दे. स्पर्धावाल्यास्नी तुना सत्कार ठेयेल शे. शाल, नारळ. लोके टाळ्या वाजाडतीन.

सुनंदा : पत्रिका वाचलीत ना? सत्कार कितीला?

जीवराम : सकाळी दहाले.

सुनंदा : आणि माझा पहिला डाव?

जीवराम : ...दहाले.

सुनंदा : म्हणजे मी खेळणार नाही हे त्यांनी धरूनच टाकलंय. अर्ज मी खेळायचा भरला होता. न खेळता सत्कार कशाचा, दिसत नाही त्याचा?

जीवराम : राग नको करू.

सुनंदा : करणार! ऑफिसातही म्हणाले होते, फोनचा बोर्ड हिला जमायचा नाही. आज दीडशे नंबर तोंडपाठ आहेत. एक राजा सरकला म्हणून मी रडत बसू? बसा समोर. राजा-वजिराची अदलाबदल करा.

जीवराम : पाचनी यष्टी शे.

सुनंदा : आत्ता साडेतीन झालेत.

जीवराम : हात धजत नही वं. पन्नास वरीस...

सुनंदा : माझीही वीस वर्षं गेलीत त्यात. बदला.

जीवराम : ले. बदलात.

सुनंदा : थांबा, हात लावून बघते. हां. राजापुढचं प्यादं, दोन घरं.

जीवराम : मन्हं बी दोन घरं.

सुनंदा : घोडा.

जीवराम : मन्हा बी घोडा.

सुनंदा : उंट, तुमच्या राजाशेजारच्या प्याद्यावर नेम धरून.

जीवराम : वजीरपुढलं प्यादं, एक घर.

सुनंदा : दुसरा घोडा.

जीवराम : मन्हा उंट. तुना पहिला घोडा आते हालू शकत नही. हालना की मांगे वजीर उघडा.

सुनंदा : हलवला. मधलं प्यादं मारलं.

जीवराम : आँ? पोरी, तुना वजीर जाई!

सुनंदा : मारा.

जीवराम : गया तुना वजीर! आते बठ रडत.

सुनंदा : उंटानं प्यादं मारलं. शह.

जीवराम : कोनले?

सुनंदा : राजाला. आज तो तिथे आहे.

जीवराम : ...एकच घर शे माले. वर चढस.

सुनंदा : दुसरा घोडा, पटाच्या मध्यावर. शह. हात फिरवा, आबा, घर शोधा.

जीवराम : आठे घोडा... आठे तुना उंट... आठे मन्हंच प्यादं. नही वं. मात शे.

सुनंदा : पुन्हा मांडा. उद्या समोरचा तुमच्यासारखा हावरट नसला तर काय करायचं, तेही पाठ करायचंय.

जीवराम : मांडस. राजासमोर राजा. ...पन दहाले तुन्हं नाव पुकारतीन. शाल धरीसन उभा ऱ्हातीन. मी काय सांगू त्यास्ले?

सुनंदा : सांगा, थांबा. तिची खेळी आहे.