रस्ता अडवायला तीन डंपर

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीने कंबर धरली होती.

"ताई, एवढी कशानं भरली?"

"खडीच्या पाट्या टाकून. खाण वाढवू नये, बोटींचा धक्का बांधू नये, म्हणून रस्त्यात ढीग घातला ना आम्ही!"

"एवढी खडी आणली कुठून?"

"खाणीतूनच. तीन डंपर."

"अन् त्यांनी दिली?"

"घरपोच! मग सुनावणीत म्हणाले, गावातूनच मागणी वाढलीय, खाण पुरत नाही. वर पावतीवरची ह्यांची सही दाखवली."

"अगंबाई! आता?"

"आता धक्का अडवायचा. धरणं धरायला हे पाण्यात ओटा बांधतायत."

"पाण्यात?"

"चांगला लांब. भाषणाला येणाऱ्यांच्या बोटी लागायला नकोत का?"

"आणि खडी?"

"कालच सांगितली."