निरफणसापाशी डावीकडे

किनाऱ्याने जाणाऱ्या तीन नंबरच्या रस्त्यावर, उमाकाओ गावाच्या प्रवासी व्हॅनमध्ये, दोन्या एनेइदा, म्हणजे एनेइदाबाई, ड्रायव्हरच्या मागेच बसल्या होत्या.

"तातो, मला निरफणसापाशी उतरव."

"दोन्या, तो निरफणस वादळात पडला की."

"मला सांगतोस? जिथे होता तिथे उतरव."

"बरं. आज एवढं नटूनथटून?"

"लेक येतेय ओर्लांदोहून. विमानतळावर गाडी भाड्याने घेऊन एकटीच येणार आहे."

"घर सापडेल तिला?"

"सांगितलंय ना, निरफणसापाशी डावीकडे वळ."

"अहो, ती वादळाच्या आधी गेलेली. झाड पडलेलं तिला कुठे ठाऊक?"

"तेच फोन ठेवल्यावर लक्षात आलं."

"मग परत लावायचा."

"तोवर विमानात बसली होती. आणि कुणाला वाट विचारायची नाही ती, बापावर गेलीय. झाड दिसेपर्यंत समुद्राकाठाने अर्ध्या बेटाला वळसा घालेल."

"आणि तुम्ही निवांत."

"निवांतच. घे बाजूला, आली जागा."

"इथे उन्हात कुठे उभ्या राहता? घरी जाऊन थांबा की."

"ती मागची हिरवी छत्री दे आधी. मी घरी बसले तर पोरीला झाड कुठून दिसणार?"