तारेवरचा उजेड

कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर इंझोरीच्या रांगेत राजमतीबाईंच्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. तुळसाबाई लेकीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन पाहून आली होती, आणि तिची शेजारीण गोजराबाई बाजार करून.

"काय केलं तुह्या पोरीनं तिथं?"

"दोन तारा घेतल्या. धातू एकच, लांबीबी सारखीच. जाड तार लावली तं बल्ब लख्ख पेटला, बारीक लावली तं मंद."

"मंग?"

"मंग बारीक तार अर्धीच घेतली, तं उजेड वाढला. म्हणे, तार जितकी लांब अन् बारीक, तितका विजेले अडथळा जास्त."

"तुले समजलं?"

"पयल्याच खेपेले समजलं. तरी तिले तीनदा करून दाखवाले लावलं."

"कायले?"

"तिथून हालावंसंच वाटे ना. मले चौथीतून काढलं होतं, गोजराबाई."

"आता तं तिचंबी लगन जुळून राह्यलं."

"हो. मी निघालो तं इचारते, आई, मी अमरावतीले शिकाले जाऊ का? मी म्हटलं, बाबाले इचार."

"बराबर म्हटलं."

बस लागली तशी तुळसाबाईनं आपली पिशवी गोजराबाईच्या हाती दिली.

"तुमी व्हा पुढं. मी शाळेत जाऊन येतो."

"काही राह्यलं का तिथं?"

"जाय म्हणाचं राह्यलं. तिच्या बाबाशी मी बोलतो."

ती भराभर निघाली. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत राजमतीबाई तिकडेच पाहत राहिल्या.

"बाई, रांग पुढं गेली," मागून कोणीतरी म्हणालं.