ओसरीवरचे दुसरे आप्पा

विषय : मी जिवंत असल्याबाबत.
संदर्भ : आमच्या ओसरीवरची खुर्ची व तीत बसलेला इसम.

तर वरील विषयी तुम्हाला सांगतो, बायकोला छंद असावा, पण नवऱ्याला भिजत घालायचा नसावा! म्हणजे नवऱ्याच्या कागदांना हो... चौतीस वर्षं कारकुनी करून जपलेल्या कच्च्या टिपणांचे गठ्ठे राजेश्वरीनं बादलीत भिजवले, मेथ्या घालून वाटले, आणि एका दुपारी मी झोपलेला असताना तो थंडगार लगदा माझ्या तोंडावर थापला! दचकून उठायला गेलो तर म्हणते, "हलू नका, नाक बिघडंल."

कशासाठी? तर माकडांसाठी! नळदुर्गच्या किल्ल्यावरनं ती उतरतात आणि अंगणातल्या कुरडया पळवतात. निवृत्तीनंतर माझ्याकडं एकच खातं उरलेलं, ओसरीवर खुर्चीत बसून कुरडया राखणं. मी मोतीबिंदूसाठी आठ दिवस सोलापूरला जाणार, मग खुर्ची रिकामी कशी ठेवायची? "टाकाऊपासून टिकाऊ," ती म्हणाली. टाकाऊ कोण, ते मी विचारलं नाही.

त्या लगद्याच्या मुखवट्याखाली माझा जुना सफारी, आत चिंध्या, मिश्या दात घासायच्या ब्रशच्या, नाकावर माझाच जुना चष्मा, आणि तोंडात... सांगताना अजून काटा येतो... माझी जुनी कवळी. मला ती कधी बसली नाही. त्याला बसली! कपाळ मोकळं बरं दिसत नाही म्हणून विभूती लावली, मान लवते म्हणून ती पट्टीनं खुर्चीला बांधली. माकडं माझ्यासमोरून कुरडई उचलून न्यायची, त्याला बघून कुंपणावरच थबकली. मी सोलापूरला गेलो. तो आपला बसलेला.

आता आमच्या लिंगायतांत माणूस गेला की आडवं ठेवत नाहीत, बसवतात. कपाळभर विभूती, मान पट्टीनं मागं बांधलेली... आलं ना लक्षात? आठव्या दिवशी राजेश्वरी घराला कुलूप लावून मला आणायला सोलापूरला आली, आणि इकडं समोरची शिवम्मा विरजण मागायला ओसरीवर. "आप्पा, वहिनी कुठं गेल्या?" आप्पा गप्प. हात लावला, तर गार!

"अय्यो शिवा! बसवलं की वो आप्पाला!"

दुपारी चारला मी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरलो, तर अंगणात पन्नास माणसं आणि भजन चालू! राजेश्वरी रिक्षावाल्याला पैसे देतेय, मी पुढं सरकलो, तर शिवम्मा म्हणते, "पाव्हणं, चपला तिकडं काढा." आणि मी काढल्या! माझ्यासोबत निवृत्त झालेला विरेश डोळे पुसत सांगत होता, "आप्पांनी कधी कुणाची फाइल अडवली नाही!" अहो, माझी मान खाली गेली. आणि तो? गळ्यात हार घालून, सगळं पटल्यासारखा, तो आपला बसलेला.

मग राजेश्वरी ओरडली, "अवो, बाहुला हाय तो! हे जिते हायत, हे काय!" लोकांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं... हार कुणी काढला नाही. विरेश म्हणाला, "आप्पा, तुम्ही जरा उतरल्यासारखे दिसता." पण या विरेशनं ग्रुपवर श्रद्धांजली टाकली ती टाकलीच, वर कचेरीतही कळवून आला! नोकरीत त्यानं एक काम त्याच दिवशी केलं नाही, तुम्हाला सांगतो, एक नाही!

हयातीच्या दाखल्याला गेलो. तो नसला तर पेन्शन बंद. टेबलावर रणधीर, मीच शिकवलेला. म्हणतो, "आप्पा, तुम्ही मयत आहात."

"अरे, समोर उभा आहे मी!"

"मला दिसतंय की. कागदाला दिसत न्हाय."

अहो, ते वाक्य माझं होतं! अणदूरची कडूबाई, नवऱ्याच्या जागी तिलाच मयत लिहिलेलं. उन्हातून चालत यायची. तिला मी हेच म्हणायचो, आणि शेजारच्या टेबलावर रणधीर शिकत होता. सात वेळा आली बिचारी. आठव्यांदा आली नाही. का आली नाही, हे मी कधी विचारलं का? ...असो. अर्ज दिला.

परवा दुपारी रणधीर पाहणीला आला. मी आतल्या खोलीत डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून पडलेलो. ओसरीवरून आवाज, "हं... व्हय आप्पा... अगदी बरोबर." अरे, कुणाशी बोलतोय हा? मी खोकलो. चाचपडत बाहेर आलो तर रणधीर गेलेला, आणि बाहुल्याच्या मांडीवर पाहणीची प्रत. खाली सही. माझी! शेवटच्या अक्षराला मी ओढतो तोच फराटा. राजेश्वरी म्हणाली, "म्या न्हाय केली." चिंधीच्या बोटाला निळी शाई. तो आपला बसलेला.

अहवालात लिहिलंय, 'सदर इसम राहत्या घरी खुर्चीत समक्ष आढळले. शांत व सहकार्य करणारे. तथापि आतून खोकणारी दुसरी व्यक्ती कोण, याचा खुलासा व्हावा.'

मी म्हणालो, "राजेश्वरी, आत्ताच्या आत्ता उसव त्याला!"

"उसवू? पाहणी त्याची झालीय. तो गेला तर तुमचा दाखला कशावर निघंल?"

आता बोला! तिनं मला दुसरी खुर्ची टाकून दिलीय. डावीकडं तो, उजवीकडं मी. माकडं उजवीकडून येतात.

अर्ज प्रलंबित आहे.