जिन्याखालचा व्हॉल्व्ह

२००३ साली वसईला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी शांताराम नावाचे निवृत्त वॉलमन, म्हणजे गावच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे, ऑपरेशनसाठी आले होते. डोळ्यांत थेंब घातल्याने त्यांनी डोळे मिटले होते. पाणीयोजनेची तरुण इंजिनीअर वही उघडून त्यांना विचारत होती.

“आज त्रास देतेय, काका. पण सरकारला सगळ्या पाइपांची आणि व्हॉल्व्हची यादी हवीय. त्याशिवाय नवी लाइन मंजूर होणार नाही.”

“ऑफिसात नकाशा असंल ना?”

“नाहीये. सगळे म्हणाले, शांतारामला विचारा.”

“मग लिवा. पयला देवळासमोर, पिंपळापासून सात पावलं.”

“पावलं चालणार नाहीत. मीटर लागतात.”

“माझं पाऊल मोजून घ्या.”

“बरं. दुसरा?”

“उमेळ्याच्या रस्त्याला केळीची वाडी होती, तिथं. आता चार मजली इमारत झाली. व्हॉल्व्ह जिन्याखाली गेला.”

“बांधताना कुणी सांगितलं नाही?”

“मी चार येळा जाऊन सांगितलं. वॉलमनचं कोन ऐकतं?”

“चालू लिहू की बंद?”

“पानी तर जातंय.”

“मग चालू.”

“पन लाइन फुटली तर तो बंद कसा करायचा, ते नाय विचारलं?”

“तसा रकानाच नाहीये.”

“मग तुमी एक आखा, बाय. पुढच्या वॉलमनला कळंल तरी.”

तिने पिशवीतून पट्टी काढून रकाना आखला. तेवढ्यात नर्सने हाक मारली.

“शांताराम कोण? चला आत.”

“जरा थांबा, सिस्टर. अजून अडतीस व्हॉल्व्ह राहिलेत.”